सूर्याची पाठ

डुलूथमध्ये जानेवारीत साडेचारलाच दिवे लागतात.
गॅसचं बिल भरून मी मार्लिसकडे गेले –
तिचं बिल, माझे पैसे, नोव्हेंबरपासून तिसरं –
आणि बघते तर कोचाच्या वर, भिंतीवर,
सूर्य.

म्हणजे आरसा. मधे बशीएवढी काच,
भोवती सोनेरी किरण, लांब, आखूड, लांब,
दोन्ही हात पसरावेत एवढा थाट.
मी लगेच ओळखला.
ज्या दुकानात ती दिवसभर उशा झटकते,
मेणबत्त्यांची तोंडं एका दिशेला करते,
तिथे दर्शनी काचेत होता तो, थँक्सगिव्हिंगपासून.
खाली दोऱ्याने टांगलेली चिठ्ठीही तीच:
चारशे ऐंशी डॉलर.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
इथे होतं. छापील.

मी कोट काढला नाही.
ती स्वयंपाकघरातून विचारत होती, कॉफी की चहा,
आणि मी मनात बेरीज करत उभी:
एकशे साठ, एकशे बावन्न, एकशे अडुसष्ट.
तंतोतंत जुळली.
इतकी की मला क्षणभर बरंही वाटलं,
भांडायला आयता आकडा मिळाल्याचं.

“छान आहे,” मी म्हणाले.
सख्ख्या बहिणीलाच जमतं
दोन शब्दांत एवढं सगळं भरायला.

ती बाहेर आली, हात पुसत.
माझ्याकडे बघितलं, कोटाकडे, चिठ्ठीकडे.
“उतरव, आर्डिस.”
“काय?”
“खिळ्यावरून उतरव तो.”

वजन असेल म्हणून मी पाय रोवले, जोर लावला,
आणि तो सुटला तो थेट माझ्या कपाळावर.
रिकाम्या पिंजऱ्याइतका हलका.

पाठीला पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर तेलाचा डाग, अर्धा छापील टोमॅटो.
गोंदाचे गोळे, ओघळ, एका जागी तिचा केस.
आणि किरण?
रंग ढवळायच्या फुकट काड्या.
प्रत्येकीवर निळ्या अक्षरांत
‘लुंडाल आणि मुलगे, रंग व वॉलपेपर’,
चव्वेचाळीस वेळा.

अकरा खेपा घातल्या, ती म्हणाली.
दर खेपेला सांगायचं, भिंत रंगवायची आहे.
शेवटी गल्ल्यावरच्या पोराने मूठभर काढून दिल्या,
“बाई, राजवाडा आहे का तुमचा?”
काच जुन्या डब्याच्या पेटीतली. गोंदाची बंदूक ग्रेटाची, उसनी.
सोनेरी फवारा तेवढा विकतचा,
सहा डॉलर. तेही दोनदा दुकानातून परत फिरून मग.

एक काडी मात्र वेगळी,
टोकाला वाळलेला हिरवा रंग.
रॉयने होडी रंगवली त्या उन्हाळ्याचा.
मी अंगठा फिरवला त्यावर. ती काही बोलली नाही.
पुढून बघाल तर तीही सोन्याचीच.

“आणि चिठ्ठी?”
“खरा विकला गेला ना, तेव्हाची.
गिऱ्हाईक म्हणालं, किंमत काढा, भेट द्यायचाय.
मी खिशात टाकली.” मग हसली.
“ह्यात अस्सल एवढंच आहे बघ.”

तिच्या दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते.
कधीपासून होते कोण जाणे.
मी आल्यापासून भिंतीकडेच बघत होते.

पुन्हा टांगला. वाकडा. तिने सरळ केला,
मी पुन्हा थोडा वाकडा केला.
काच एवढीशी, एका वेळी एकच तोंड मावतं,
म्हणून आम्ही आळीपाळीने पाहिलं.
मग मी कोट काढला, चहा म्हणाले,
साखर दोन चमचे.

जाताना दारात विचारलं,
मला करून देशील का एक?
“काड्या आण,” ती म्हणाली, “माझी तिथे पत गेली आता.”

उद्या जाईन लुंडालकडे.
गाडीत बसून आवाज लावून बघतेय:
भिंत रंगवायची आहे.
नाही, अजून जरा सहज.
भिंत रंगवायची आहे हो.